थोरांची ओळख : ताऱ्याला फूटपट्टी लावणारे अल्बर्ट मायकेलसन



मागे एका रविवारी आपल्या वर्गातली एक मुलगी अगदी हिरमुसली होऊन आली. शाळेच्या सायन्स फेअरसाठी तिने दह्याच्या रिकाम्या डब्यांत मेथी पेरली होती. अर्ध्या डब्यांना रोज गाणी ऐकवायची, अर्ध्यांना नाही, आणि कोणती मेथी जास्त वाढते ते पाहायचे, असा तिचा प्रयोग. तीन आठवडे तिने नेमाने पट्टी लावून रोपे मोजली आणि वहीत आकडे लिहिले. शेवटी काय झाले, तर दोन्हीकडची मेथी सारखीच वाढली! प्रयोग फसला असे तिने ठरवून टाकले आणि नाव मागे घ्यायचे म्हणू लागली. मधल्या सुट्टीत चिवडा खाता खाता आम्ही शिक्षक-पालक मंडळींनी तिला खूप समजावले, पण ते काही तिला पटले नाही. तेव्हा आमच्यातल्या एका काकांना अल्बर्ट मायकेलसन यांची आठवण झाली. आपला वर्ग सहलीला माऊंट विल्सनच्या वेधशाळेत गेला होता, तेव्हा हे नाव आपण ऐकले होते. त्या दिवशी थंडी आणि खाऊ यांच्या गडबडीत ते बहुतेकांच्या लक्षात राहिले नाही. म्हणून या अंकात त्यांची गोष्ट सविस्तर सांगायचे आम्ही ठरवले.

अल्बर्टचा जन्म १९ डिसेंबर १८५२ रोजी स्ट्रेल्नो नावाच्या लहानशा गावी झाला. हे गाव तेव्हा प्रशियाच्या राज्यात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. वडील सॅम्युअल व्यापारी होते, आईचे नाव रोझाली. कुटुंब ज्यू होते. १८५५ साली आईवडिलांनी गाव सोडले आणि ते अमेरिकेला निघाले. अल्बर्ट तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. त्या काळी अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेल्वे नव्हती. त्यामुळे हे कुटुंब बोटीने पनामाला आले, तिथली चिंचोळी जमीन ओलांडून पुन्हा बोटीत बसले आणि सॅन फ्रान्सिस्कोला पोचले. आपल्यापैकी किती तरी जणांचे आईबाबा दोन सूटकेस घेऊन विमानाने या देशात उतरले. त्यांच्या मनात जी धाकधूक होती, तीच या मायकेलसन कुटुंबाच्या मनातही असणार.

कॅलिफोर्नियात तेव्हा सोन्याच्या खाणींची धूम होती. मर्फीज नावाच्या खाणकामगारांच्या वस्तीत सॅम्युअल मायकेलसन यांनी दुकान थाटले. पुढे हे कुटुंब नेव्हाडातल्या व्हर्जिनिया सिटी या चांदीच्या खाणींच्या गावी गेले. अशा ठिकाणी शिक्षणाची सोय ती काय असणार? म्हणून अल्बर्टला शिकायला सॅन फ्रान्सिस्कोला ठेवले. तिथल्या मुख्याध्यापकांनी या मुलाचे हात किती हुशार आहेत ते ओळखले आणि शाळेतल्या शास्त्रीय उपकरणांची देखभाल त्याच्याकडे सोपवली. घरापासून दूर राहणाऱ्या त्या मुलाला यंत्रांची गोडी लागली ती इथे. त्याची बहीण मिरियम पुढे लेखिका झाली आणि भाऊ चार्ल्स पत्रकार झाला.

अल्बर्ट सोळा वर्षांचा झाला, तेव्हा वडिलांना वाटले की त्याने नौदलाच्या अकादमीत जावे. तिथे शिक्षण फुकट होते. नेव्हाडातून एकाच मुलाची निवड व्हायची होती. परीक्षेत अल्बर्ट आणि आणखी काही जण बरोबरीत आले, आणि जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. आता काय करायचे? अल्बर्ट हातावर हात धरून बसला नाही. तिथल्या लोकप्रतिनिधींचे शिफारसपत्र घेऊन, नुकत्याच पुऱ्या झालेल्या रेल्वेने, तो एकटा पार वॉशिंग्टनपर्यंत गेला आणि थेट राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना भेटला. राष्ट्राध्यक्षांना आपल्या अधिकारात दहा मुले नेमता येत. त्या दहाही जागा भरलेल्या होत्या. तरी शेवटी नियमाला मुरड घालून अकरावी जागा काढण्यात आली आणि १८६९ साली अल्बर्ट अकादमीत दाखल झाला. आपल्या आयुष्याची सुरुवातच एका बेकायदा गोष्टीने झाली, असे मायकेलसन पुढे गमतीने सांगत.

अकादमीत प्रकाशशास्त्रात त्यांचा पहिला क्रमांक येई. जहाज चालवण्याच्या विषयात मात्र ते बरेच मागे असत! १८७३ साली ते उत्तीर्ण झाले, दोन वर्षे समुद्रावर राहिले आणि मग अकादमीतच भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवू लागले. वर्गात मुलांना प्रकाशाचा वेग कसा मोजतात ते दाखवायचे होते. फ्रान्समध्ये फूको यांनी त्यासाठी फिरता आरसा वापरला होता. तो प्रयोग नुसता करून दाखवण्यापेक्षा अधिक चांगला का करू नये, असे त्यांच्या मनात आले. थोडी साधी सामग्री जमवून त्यांनी सुरुवात केली. १८७७ साली त्यांचे लग्न झाले होते. सासऱ्यांनी मोठ्या कौतुकाने २,००० डॉलर दिले आणि त्यातून चांगली उपकरणे आली.

प्रयोग समजायला कठीण नाही. भरभर फिरणाऱ्या आरशावर प्रकाश सोडायचा. तो तिथून दूरच्या स्थिर आरशाकडे जातो आणि परत येतो. तेवढ्या वेळात फिरता आरसा किंचित वळलेला असतो, म्हणून परतलेला किरण थोडा बाजूला पडतो. किती बाजूला पडला ते मोजले की वेग काढता येतो. मायकेलसन यांचे १८७९ सालचे उत्तर सेकंदाला सुमारे २,९९,९०० किलोमीटर असे आले. त्या वेळी याहून अचूक आकडा जगात कोणाकडे नव्हता. खाणवस्तीतल्या दुकानदाराच्या सव्वीस वर्षांच्या मुलाचे नाव वर्तमानपत्रांत झळकले.

आता गोष्टीचा मुख्य भाग. ध्वनी हवेतून जातो, पाण्याच्या लाटा पाण्यातून जातात. मग प्रकाशाच्या लाटा कशातून जातात? त्या काळी शास्त्रज्ञांना वाटे की सगळ्या अवकाशात ईथर नावाचा एक अदृश्य पदार्थ भरलेला आहे आणि त्यातून प्रकाश येतो. तसे असेल तर सूर्याभोवती फिरणारी आपली पृथ्वी या ईथरमधून धावते आहे. स्कूटरवर बसले की वारा नसतानाही तोंडावर वारा लागतो, तसा पृथ्वीवर ईथरचा वारा लागला पाहिजे. या वाऱ्याच्या दिशेने जाणाऱ्या प्रकाशाला आणि आडव्या जाणाऱ्या प्रकाशाला तेवढेच अंतर कापायला थोडा वेगवेगळा वेळ लागला पाहिजे. हा फरक इतका बारीक असणार होता की तो मोजणे कोणालाच शक्य वाटत नव्हते.

मायकेलसन यांनी त्यासाठी नवे यंत्र योजले. त्याला व्यतिकरणमापक म्हणतात. नाव मोठे आहे, पण कल्पना सोपी आहे. शांत तळ्यात दोन खडे टाकले की दोन्हीकडून लाटा येतात. जिथे लाटेचा उंचवटा उंचवट्याला मिळतो तिथे पाणी जास्त उसळते. जिथे उंचवटा दुसऱ्या लाटेच्या खळग्याला मिळतो तिथे पाणी जागच्या जागी राहते. प्रकाशाचेही तसेच. एकाच दिव्याचा किरण अर्धपारदर्शक काचेने दोन भागांत वाटायचा, दोघांना वेगवेगळ्या वाटांनी पाठवायचे आणि परत एकत्र आणायचे. मग उजळ आणि काळे असे पट्टे दिसतात. एका वाटेला अगदी सूतभर, नव्हे सुताच्या हजाराव्या भागाइतका उशीर झाला, तरी हे पट्टे सरकतात. तानपुऱ्याच्या दोन तारा जवळपास जुळल्या की किंचितसा बेसूरही कानाला कळतो ना? इथे तो डोळ्यांना कळतो.

१८८० साली मायकेलसन रजा घेऊन युरोपात शिकायला गेले. बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हे यंत्र उभे केले. पैसे दिले होते टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेल यांनी. पण रस्त्यावरच्या घोडागाड्यांनी जमीन हादरे आणि पट्टे दिसेनासे होत. म्हणून यंत्र पॉट्सडॅमच्या वेधशाळेत नेले. तिथेही शंभर मीटरवर कोणी जोरात पाय आपटले तरी पट्टे पुसले जात! अशा स्थितीत १८८१ साली प्रयोग झाला. ईथरचा वारा काही सापडला नाही. पण यंत्र लहान होते आणि गणितातही एक चूक राहिली होती, त्यामुळे लोकांचे समाधान झाले नाही.

मायकेलसन यांनी नौदल सोडले आणि ते क्लीव्हलंड शहरातल्या केस संस्थेत प्राध्यापक झाले. शेजारच्याच कॉलेजात एडवर्ड मॉर्ली नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचे काम अतिशय काटेकोर. दोघांची जोडी जमली. पण काम सोपे नव्हते. १८८५ साली मायकेलसन यांचे मन कामाच्या ताणाने पार थकून गेले आणि काही महिने त्यांना सगळे सोडून उपचारासाठी न्यूयॉर्कला राहावे लागले. मॉर्ली यांनी मागे राहून काम सांभाळले. मायकेलसन परत आले, तर १८८६ साली केस संस्थेच्या मुख्य इमारतीला आग लागली. तेव्हा मॉर्ली यांनी आपल्या कॉलेजात जागा दिली. तळघरात नव्याने यंत्र मांडले गेले.

हे यंत्र कसे होते ते ऐका. सुमारे दीड मीटर लांब-रुंद आणि एक फूट जाड असा दगडी चौथरा. तो ठेवला पाऱ्यावर तरंगणाऱ्या लाकडी कड्यावर, म्हणजे हादरे बसत नाहीत आणि बोटाने हलकेच ढकलले की चौथरा सावकाश फिरत राहतो. आरशांची अशी मांडणी केली की प्रकाशाची वाट वाढून सुमारे अकरा मीटर झाली. जुलै १८८७ मध्ये मायकेलसन दुपारी आणि संध्याकाळी त्या फिरत्या दगडाबरोबर, भिंगाला डोळा लावून, गोल गोल चालत. ते आकडे सांगत आणि मॉर्ली लिहून घेत. ईथरचा वारा असता तर पट्टे एका पट्ट्याच्या चार दशांश इतके सरकायला हवे होते. प्रत्यक्षात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही खात्रीची हालचाल दिसली नाही.

म्हणजे इतकी वर्षे खपून, इतके नाजूक यंत्र बांधून, हाती काय आले? तर शून्य! दोन्हीकडची मेथी सारखीच!

मायकेलसन यांना वाईट वाटले. त्यांना ईथर हवा होता. तो नाही असे सिद्ध करायला ते निघालेच नव्हते. शून्य उत्तर आले म्हणजे आपलेच काही चुकले, असे म्हणून त्यांना कागद कपाटात ठेवून देता आले असते. किंवा चार आकडे इकडचे तिकडे करून थोडासा वारा दाखवताही आला असता. त्यांनी आणि मॉर्ली यांनी तसे केले नाही. जे दिसले ते, किती अचूकपणे दिसले त्यासह, त्याच वर्षी छापून टाकले. मोठमोठे शास्त्रज्ञ कोड्यात पडले. १९०५ साली आईन्स्टाईन यांनी सापेक्षतेचा सिद्धांत मांडला. प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच दिसतो, असे त्यात धरले होते आणि ईथरची गरजच उरली नव्हती. क्लीव्हलंडच्या तळघरातले शून्य त्यात चपखल बसले. गंमत म्हणजे १८९४ साली खुद्द मायकेलसन यांनीच एका भाषणात असा सूर लावला होता, की भौतिकशास्त्राचे मोठे नियम बहुधा सगळे सापडले असून आता दशांश चिन्हापुढचे आकडे सुधारणे तेवढे बाकी आहे. त्यांच्याच प्रयोगाने हे म्हणणे खोटे ठरायला हातभार लावला! आणि ईथर गेल्याची हळहळ त्यांच्या मनात अखेरपर्यंत राहिली.

पुढे मायकेलसन शिकागो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे पहिले विभागप्रमुख झाले. १८९२-९३ मध्ये त्यांनी पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत एक मीटर म्हणजे कॅडमियमच्या लाल प्रकाशाच्या किती लाटा, ते मोजले. उत्तर आले सुमारे १५,५३,१६३ लाटा. मीटरची धातूची पट्टी हरवली किंवा वितळली, तरी प्रकाशावरून मीटर पुन्हा तयार करता येईल असा त्याचा अर्थ. १९०७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातले नोबेल मिळवणारे ते पहिले अमेरिकन नागरिक.

कामात ते बुडून जात, आणि त्याची किंमत घराने मोजली. पहिला संसार १८९८ साली मोडला. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा लग्न केले. विरंगुळा म्हणून ते व्हायोलिन वाजवत, टेनिस खेळत आणि जलरंगात चित्रे काढत. त्यांची धाकटी मुलगी डोरोथी हिने पुढे १९७३ साली वडिलांचे चरित्र लिहिले.

आता आपण माऊंट विल्सनवर येऊ. पृथ्वीवरून कोणताही तारा केवढ्याही दुर्बिणीतून पाहिला, तरी तो नुसता ठिपका दिसे. सूर्य सोडला तर एकाही ताऱ्याची रुंदी कोणी मोजलेली नव्हती. व्यतिकरणाने हे जमेल, असे मायकेलसन यांनी १८९० साली लिहून ठेवले होते आणि १८९१ साली लिक वेधशाळेत गुरूच्या चार मोठ्या चंद्रांची रुंदी मोजून दाखवलीही होती. युक्ती अशी : ताऱ्याचा प्रकाश एकमेकांपासून दूर ठेवलेल्या दोन आरशांवर घ्यायचा आणि एकत्र आणायचा. पट्टे दिसतात. आरसे हळूहळू आणखी दूर न्यायचे. तारा खरोखर बिंदू असेल तर पट्टे दिसतच राहतील. पण ताऱ्याला रुंदी असेल तर त्याच्या एका कडेचे पट्टे दुसऱ्या कडेच्या पट्ट्यांत मिसळतात आणि एका ठराविक अंतरावर सगळे पट्टे पुसले जातात. ते अंतर कळले की ताऱ्याची रुंदी कळली. तारा जितका बारीक दिसतो, तितके आरसे दूर न्यावे लागतात.

हे पाहण्यासाठी जवळजवळ तीस वर्षे थांबावे लागले. १९१७ साली माऊंट विल्सनवर १०० इंची दुर्बीण सुरू झाली. ती तेव्हा जगात सर्वात मोठी होती. वेधशाळेचे संचालक हेल यांनी मायकेलसन यांना बोलावले. दुर्बिणीच्या तोंडावर वीस फुटांची पोलादी तुळई आडवी बसवली आणि तिच्यावर सरकणारे आरसे लावले. १३ डिसेंबर १९२० च्या रात्री फ्रान्सिस पीज आणि जॉन अँडरसन यांनी दुर्बीण मृग नक्षत्राकडे वळवली. तिथला तो लालसर तारा तुम्हाला ठाऊक असेल. इथल्या पुस्तकांत त्याला बीटलज्यूस म्हणतात, आपल्याकडे तो आर्द्रा किंवा काक्षी. आरसे सुमारे दहा फुटांवर नेले आणि पट्टे नाहीसे झाले! यंत्र बिघडले नाही ना, हे दुसऱ्या ताऱ्याकडे पाहून तपासले. तिथे पट्टे स्वच्छ दिसत होते. मायकेलसन यांच्या अडुसष्टाव्या वाढदिवसाला तेव्हा सहा दिवस बाकी होते.

ताऱ्याची दिसणारी रुंदी ०.०४७ विकला भरली. एका अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात आणि कलेच्या साठाव्या भागाला विकला. म्हणजे ही रुंदी एका विकलेच्या विसाव्या भागाहूनही कमी. त्या वेळच्या अंतरावरून हिशेब केला तर ताऱ्याचा व्यास सुमारे २४ कोटी मैल आला. आपल्या सूर्याच्या जागी तो ठेवला तर पृथ्वी त्याच्या पोटात जाईल!

आता पालकांना विशेष आवडेल अशी गोष्ट. लहानपणी गच्चीवर किंवा अंगणात आजीने आपल्याला सप्तर्षी दाखवलेले असतात. इथे त्यांनाच बिग डिपर म्हणतात. पळीच्या दांड्यातला मधला तारा वसिष्ठ आणि त्याच्या कुशीत अरुंधती, हे सर्वांना माहीत असते. पण वसिष्ठाच्या अलीकडे, पळीच्या वाटीला लागून असलेला तारा कोणता? तो अंगिरस, इंग्रजीत अलिऑथ. तो आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर आहे आणि तो साधा तारा नाही. त्याच्या अंगावर डाग आहेत.

हे डाग सूर्यावरच्या डागांसारखे नव्हेत. सूर्याचे डाग म्हणजे थोड्या थंड जागा. अंगिरसासारख्या ताऱ्यांवर निरनिराळ्या मूलद्रव्यांचे डाग असतात : कुठे क्रोमियम जास्त, कुठे दुसरेच काही. अशा ताऱ्यांचे बाहेरचे थर शांत असतात, फारसे ढवळले जात नाहीत. त्यामुळे काही मूलद्रव्ये वजनाने हळूहळू खाली बसतात आणि काहींना आतून येणारा प्रकाश वर ढकलतो. ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र त्यांना ठराविक जागी गोळा होऊ देते. दूध न ढवळता ठेवले की साय वर येते आणि ढवळत राहिले की येत नाही, तसाच काहीसा हा प्रकार. अंगिरस सुमारे पाच दिवसांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. डाग समोर आले की त्याच्या वर्णपटातल्या त्या त्या मूलद्रव्याच्या रेषा बदलतात आणि डाग मागे गेले की पूर्ववत होतात. अशा वेगळ्या वर्णपटांची पहिली नोंद हार्वर्ड वेधशाळेत अँटोनिया मॉरी या विदुषीने १८९७ साली केली. पुढे १९४७ साली होरेस बॅबकॉक यांनी अशाच एका ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र मोजल्याचे प्रसिद्ध केले. त्यांनी वापरली ती माऊंट विल्सनचीच १०० इंची दुर्बीण!

वर्णपटावरून डागांचे नकाशे काढता येतात, पण तो अंदाज दुरून, आडवाटेने काढलेला. खरेच डाग तिथे आहेत का, हे ताऱ्याची चकती फोडून पाहायला मायकेलसन यांचीच युक्ती हवी. अडचण एवढीच की अंगिरसाची चकती बीटलज्यूसच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढी बारीक दिसते. दहा फुटांऐवजी आरसे तीनशे फूट दूर हवेत! वीस फुटांच्या तुळईचे ते काम नाही.

पण माऊंट विल्सनवरच एकविसाव्या शतकात हे काम होऊ लागले. आपण सहलीत झाडांमधून इकडे तिकडे पांढरे घुमट पाहिले, आठवते ना? त्यांना चारा म्हणतात. ते नाव ऐकून आपल्या मुलांनी गाईचा चारा म्हणून किती हसून घेतले होते! तिथे एक मीटरच्या सहा दुर्बिणी आहेत आणि त्यांच्यातले जास्तीत जास्त अंतर ३३१ मीटर आहे. सगळ्यांचा प्रकाश हवा काढलेल्या नळ्यांतून एका इमारतीत आणून एकत्र करतात. २००७ साली या यंत्राने श्रवण ताऱ्याच्या चकतीचे चित्र मिळाले. २०१० साली उत्तर मुकुटातल्या अंगिरसाच्याच जातीच्या एका ताऱ्याची रुंदी मोजल्याचे प्रसिद्ध झाले : विकलेच्या हजाराव्या भागाच्या सात दशांश! २०१६ साली देवयानीतल्या एका ताऱ्यावरचे काळे, थंड डाग चित्रात आले. आणि २०१४ साली काही शास्त्रज्ञांनी आपल्या अंगिरसाचेच उदाहरण घेऊन गणिताने दाखवले, की त्याच्यावरच्या मूलद्रव्यांच्या डागांची खूणही पट्ट्यांमध्ये उमटते, आणि ताऱ्याच्या फिरण्याच्या खुणेपासून ती वेगळी ओळखता येते. त्यासाठी फार अंधुक पट्टेसुद्धा मोजू शकेल असे यंत्र हवे. मुलांनो, हे काम तुमच्यासारख्यांनी पुढे न्यायचे आहे.

मायकेलसन यांची अखेरची वर्षे याच परिसरात गेली. १९२० नंतर त्यांनी माऊंट विल्सन आणि सुमारे ३५ किलोमीटरवरचा माऊंट बाल्डीकडचा डोंगर यांच्यामध्ये प्रकाश पाठवून त्याचा वेग पुन्हा मोजला. १९२६ सालचे उत्तर होते सेकंदाला २,९९,७९६ किलोमीटर. आज ठरलेला आकडा आहे २,९९,७९२.४५८. म्हणजे चूक चार किलोमीटरच्या आत! तरी त्यांचे समाधान झाले नाही. हवेचा अडथळा नको म्हणून सांता अॅना जवळच्या शेतजमिनीवर एक मैल लांबीची नळी बांधून, तिच्यातली हवा काढून, पुन्हा मोजायचे त्यांनी ठरवले. वय होते अठ्ठ्याहत्तर आणि प्रकृती ढासळलेली. जानेवारी १९३१ मध्ये आईन्स्टाईन पॅसाडिनाला आले, तेव्हा या दोघांची भेट झाली. एकाने ईथर शोधण्यात उमेद घालवली आणि दुसऱ्याने तो अनावश्यक ठरवला, तरी दोघांना एकमेकांविषयी मोठा आदर होता. ९ मे १९३१ रोजी पॅसाडिना येथे मायकेलसन यांचे निधन झाले. नळीतला प्रयोग तेव्हा चालूच होता. पीज आणि पिअरसन यांनी तो पुरा केला.

मेथीच्या प्रयोगाचे काय झाले ते सांगायचे राहिले. त्या रविवारी काकांनी आपल्या त्या मुलीला दगडी चौथऱ्याची आणि पाऱ्याची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. पण नाव तिने मागे घेतले नाही. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात फरक आढळला नाही असे लिहिले, खाली रोजचे सगळे आकडे दिले आणि किती मिलिमीटरपर्यंतचा फरक आपल्या पट्टीने कळला असता तेही लिहिले. बक्षीस मिळाले नाही. आम्हाला मात्र तो पुठ्ठा आपल्या वर्गाच्या भिंतीवर लावावासा वाटला, आणि तिच्या परवानगीने तो आता तिथे आहे. येता-जाता जरूर पाहा.

घरी करून पाहण्यासारखे : रात्री लांबच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहा. एक डोळा मिटा, दुसऱ्या डोळ्यासमोर दोन बोटे अगदी जवळ धरा आणि त्यांच्यामधल्या बारीक फटीतून दिवा बघा. फट कमी कमी केली की फटीत काळ्या बारीक रेषा दिसू लागतील. त्या प्रकाशाच्या लाटांमुळे दिसतात. सूर्याकडे मात्र असे कधीही पाहू नका.

आणि मे महिन्यात रात्री जेवणे आटोपली की आईबाबांना घेऊन बाहेर पडा. सप्तर्षी डोक्यावर उत्तरेला दिसतील. वसिष्ठ-अरुंधती पाहून झाले की वाटीजवळचा अंगिरस शोधा आणि भारतात आजीआजोबांशी फोनवर बोलाल तेव्हा त्यांना सांगा, की तुमच्या सप्तर्षीतल्या एका ऋषीच्या अंगावर डाग आहेत. सप्तर्षींचे चित्र काढून, सातही नावे मराठीत लिहून पुढच्या रविवारी वर्गात आणा. चांगली चित्रे आम्ही पुढच्या अंकात छापू. झेरॉक्स नीट यावी म्हणून चित्र काळ्या पेनने काढा, पेन्सिलीने नको!